रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर कुठे जायचे? हात अचानक लुळा पडणाऱ्यांसाठी दादरमधील एका उपचार केंद्राचे परीक्षण

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत दहा-बारा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) आणि फिजिओथेरपीचे एक लहान केंद्र आहे. ज्यांचा हात अधूनमधून अचानक लुळा पडतो आणि सगळ्या तपासण्या होऊनही ज्यांना त्याचे पक्के कारण सांगता आलेले नाही, अशा रुग्णांना तेथे मिळणाऱ्या सेवेचे हे परीक्षण आहे. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मी तेथे जाऊ लागले आणि अजूनही गरजेप्रमाणे जाते. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिणार आहे आणि मोजक्या माणसांच्या बळावर चालणारी जागा एकट्या माझ्या अनुभवावरून तोलली जाऊ नये असे मला वाटते. शिवाय अशी सेवा चांगली आहे हे कशावरून ओळखावे, एवढे कळले तर वाचकाला ती आपल्या घराजवळही शोधता येईल.

सेवेकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजते. हात पहिल्यांदाच अचानक गळाला असेल, तर अशा केंद्राचा पत्ता शोधू नये. थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एका हातातील ताकद एकाएकी जाणे हे पक्षाघाताच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचे स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. रस्त्यावरचा वेळ, केसपेपर आणि स्कॅनची रांग हे सारे त्या साडेचार तासांतूनच वजा होते. हात दहा मिनिटांत पूर्ववत झाला तरीही जायलाच हवे, कारण असा क्षणिक झटका पुढच्या मोठ्या पक्षाघाताची सूचना असू शकतो आणि तो धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. ‘उन्हाने झाले असेल, सरबत पिऊन जरा पडून राहा’ हा आपल्या घरांतला मायेचा सल्ला अशा वेळी घातक ठरतो.

या केंद्राबद्दल माझे पहिले चांगले मत याच मुद्द्यावर झाले. वेळ ठरवण्यासाठी दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून फीबद्दल एक अक्षरही न बोलता आधी विचारण्यात आले, ‘‘न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी, तपासलं आहे का? त्यांची चिठ्ठी आणि रिपोर्ट आहेत का?’’ ते नसतील तर येथे वेळ दिली जात नाही. रुग्ण हातचा जाईल याची पर्वा न करता जी जागा असे विचारते, ती विश्वासाला पात्र आहे असे मी मानते.

माझ्या बाबतीत कागदांची कमतरता नव्हती. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत काही मिनिटे, कधी त्याहून बराच जास्त वेळ, निर्जीव होतो आणि मग हळूहळू ताळ्यावर येतो. मेंदूचा व मानेचा एमआरआय, मानेतील रोहिण्यांची डॉपलर तपासणी, हृदयाचा आलेख आणि होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची दीर्घकाळ नोंद), ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख), मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी, रक्तातील साखर, पोटॅशियम, थायरॉइड आणि बी-12 हे सारे करून झाले होते आणि कशातही बोट ठेवावे असे काही निघाले नव्हते. घरच्यांना स्वाभाविकपणे मोठा आनंद झाला. सासूबाईंनी सिद्धिविनायकाला जाऊन नवस फेडला. हात मात्र पुढच्याच आठवड्यात, वर्गात फळ्यावर लिहीत असताना पुन्हा खाली आला. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की पक्षाघात, आकडी आणि मानेतील नस दबणे यांचा पुरावा मिळालेला नाही. मायग्रेनचा एखादा प्रकार किंवा मेंदूच्या रचनेत बिघाड नसताना कार्यात होणारा बिघाड, म्हणजे ज्याला ते ‘फंक्शनल’ म्हणतात, या शक्यता उरतात, आणि यांतले नेमके काय हे काळच सांगेल. तोवर हाताचे काय करायचे, या प्रश्नासाठी त्यांनी मला या केंद्राकडे पाठवले.

पहिली तपासणी तासाभराहून जास्त चालली. स्प्रिंगसारख्या मुठीच्या यंत्रावर दोन्ही हातांची पकड तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढली. नऊ खुंट्या छिद्रांत बसवून पुन्हा काढायला किती सेकंद लागतात हे घड्याळ लावून पाहिले. पण एवढ्यावर न थांबता त्यांनी मला शर्टाची बटणे लावायला, भरलेला तांब्या उचलून पाणी ओतायला, पोळपाटावर कणकेचा गोळा लाटायला आणि भिंतीवरच्या फळ्यावर चार ओळी लिहायला सांगितले. कोणत्या कामात खांदा उचलला जातो, कोणत्या कामात मनगट आधी दमते, श्वास कधी रोखला जातो, याची नोंद तेथील थेरपिस्ट बाई शांतपणे करत होत्या. तोवर मला प्रत्येक ठिकाणी ‘हात वर करा, बोटे दाबा, ठीक आहे’ एवढेच ऐकायची सवय झाली होती. माझा हात दिवसभर काय काय करतो, हे कोणी विचारलेच नव्हते.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यांनी दिलेली नोंदवही. वरवर पाहता तो रकान्यांचा साधा तक्ता आहे, परंतु प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे त्यांनी मला समजावून सांगितले आणि त्यामुळे ती वही भरणे हे भीतीचे काम न राहता शोधाचे काम झाले. ताकद एका क्षणात गेली की पाच-दहा मिनिटांत पसरत गेली, हा पहिला प्रश्न. रक्तपुरवठा तुटल्याने येणारे लक्षण बहुधा एकदम पूर्ण तीव्रतेने येते, तर मायग्रेनशी निगडित लक्षण मिनिटामिनिटाने सरकत जाते आणि त्याच्या आगेमागे डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा, मुंग्या किंवा डोकेदुखी असू शकते. हात लुळा पडण्याआधी त्याला झटके आले का, हा दुसरा. आकडीनंतर तो अवयव काही काळ दुबळा राहतो. रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरांनी 1849 मध्ये त्याचे वर्णन केले आणि आजही तो दुबळेपणा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो काही मिनिटांत सरतो किंवा दीड दिवसापर्यंतही टिकू शकतो, त्यामुळे केवळ आधीचे झटके कोणी पाहिले नाहीत म्हणून निदान चुकण्याची शक्यता असते.

मग बोटांचा रकाना. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल तर कोपराजवळून जाणारी नस, अंगठा-तर्जनी-मधले बोट असेल तर मनगटातून जाणारी नस, आणि मनगटच वर उचलता येत नसेल तर दंडाच्या मागून जाणारी नस, असा साधारण माग काढता येतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोप लागल्यावर सकाळी मनगट लोंबकळते, ते या शेवटच्या नसेवर दाब आल्यामुळे. मान वळवल्यावर कळ दंडात उतरते का, हात खांद्याच्या वर नेल्यावरच त्रास होतो का, संध्याकाळी वाढतो का, सोबत पापण्या जड होतात का किंवा एकाचे दोन दिसते का, हेही विचारलेले आहे. शेवटचे दोन प्रश्न स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनियाच्या शक्यतेसाठी आहेत. झोप, जेवणाची वेळ, मासिक पाळी, नवी औषधे, त्या दिवशीचा ताण यांचे रकाने शेवटी येतात. ताणाचा रकाना शेवटी ठेवण्यामागे विचार आहे असे मला वाटते, कारण तो पहिला असता तर मी बाकीचे रकाने मनापासून भरले नसते.

वहीच्या जोडीला त्यांनी चित्रण करायला सांगितले. प्रसंग येईल तेव्हा घरातल्या कोणीतरी मोबाईलवर मिनिटभर चित्रण करावे, त्यात चेहरा, दोन्ही हात आणि बोलणे यावे, आणि शक्य असल्यास तळवे वर करून दोन्ही हात समोर धरून डोळे मिटावेत. मेंदूतील हालचालीच्या मार्गाला इजा झाली असेल तर दुबळा हात खाली येताना त्याचा तळवा आत वळतो. फंक्शनल दुबळेपणात हात अनेकदा तळवा न वळता खाली येतो. यजमानांनी केलेले असे चित्रण पाहून डॉक्टरांना जे कळले, ते माझ्या तोंडी वर्णनातून कधी कळले नसते. दवाखान्यात गेल्यावर हात नेमका शहाण्यासारखा वागतो, हा अनुभव अशा प्रत्येक रुग्णाला असेल. त्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

‘फंक्शनल’ या शक्यतेबद्दल या केंद्रात ज्या रीतीने बोलले जाते, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. कामाच्या ठिकाणी माझ्या पाठीमागे ‘नाटक’ हा शब्द वापरला गेला होता आणि नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तोंडावर ‘‘मनावर घेऊ नकोस म्हणजे होणार नाही,’’ असे सांगितले होते. येथे पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आले, ‘‘मॅडम, तुमची ताकद खरोखर जाते. तुम्ही ती घालवत नाही आणि जोर लावून परतही आणू शकत नाही. तारा तुटलेल्या नाहीत, पण निरोप पोहोचत नाही. तो पुन्हा पोहोचवायला शिकता येतं.’’ त्यांनी हेही स्पष्ट केले की हे निदान इतर काही सापडले नाही म्हणून नाइलाजाने चिकटवायचे नसते, तर तपासणीत दिसणाऱ्या ठाम खुणांवरून करायचे असते. आणि ते झाले तरी नवे लक्षण दिसल्यास पुन्हा तपासायचे असते. माझ्या बाबतीत हे निदान अजून शंभर टक्के पक्के झालेले नाही. तरीही त्या शक्यतेसाठी सांगितलेल्या गोष्टी केल्याने नुकसान होणार नाही आणि फायदा होऊ शकेल, असे डॉक्टर आणि थेरपिस्ट यांनी एकमेकांशी बोलून ठरवले. दोन ठिकाणच्या लोकांनी माझ्या अनुपस्थितीत माझ्या हाताबद्दल बोलावे, हे मुंबईच्या घाईत मला फार दुर्मीळ वाटले.

प्रत्यक्ष उपचारांचे स्वरूप फिजिओथेरपीच्या नेहमीच्या कल्पनेहून वेगळे आहे. एकेक स्नायू घेऊन वजन उचलण्यापेक्षा येथे नेहमीच्या, दोन्ही हातांच्या, तालात होणाऱ्या कामांवर भर असतो: चादरीची घडी घालणे, मोठा चेंडू भिंतीवर टाकून झेलणे, लाटणे फिरवणे, टाळ्या वाजवत पावले टाकणे. हात गळाल्यावर ‘येतोय का, येतोय का’ असे पुन्हा पुन्हा तपासून पाहिल्याने लक्ष त्याच्यावर खिळते आणि हालचाल अधिकच अडते, म्हणून लक्ष कामाच्या शेवटाकडे न्यायचे. बोटांकडे न पाहता पेला कुठे ठेवायचा आहे तिकडे पाहायचे. या दिशेच्या शिफारशी फंक्शनल हालचाल-विकारांसाठी फिजिओथेरपिस्टांनी 2015 मध्ये आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी 2020 मध्ये एकमताने प्रसिद्ध केल्या आहेत. मला त्यांचा उपयोग असमान झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. प्रसंग पूर्वीइतकेच येतात की कमी, हे सांगणे कठीण आहे. पण आलेला प्रसंग लवकर ओसरतो आणि तो ओसरेपर्यंत मी घाबरून बसत नाही, हे नक्की.

हात अडकवायच्या झोळीबद्दल आणि मनगटाच्या पट्ट्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत याच वस्तू सर्वांत आधी पुढे केल्या जातात. माझ्या धाकट्या दिरांनी काळजीपोटी एका दुकानातून कापडी झोळी आणि मनगटाचा कडक पट्टा आणून दिला होता आणि दुकानदाराने तो दिवसभर वापरायला सांगितला होता. केंद्रात तो पाहताच थेरपिस्टनी कधी लावता, किती वेळ लावता, काढल्यावर हात कसा असतो, अशी चौकशी केली आणि हळूहळू बंद करायला सांगितले. फंक्शनल दुबळेपणात हात बांधून ठेवल्याने न वापरण्याची सवय जडते, सांधे आखडतात आणि दुखणे वाढते. याउलट दंडामागची नस दबून मनगट पडले असेल तर नस सावरेपर्यंत मनगटाला आधार देणारा पट्टा आवश्यक असतो. म्हणजे तोच पट्टा एका रुग्णाला औषध आहे आणि दुसऱ्याला अपाय. हा निर्णय दुकानाच्या काउंटरवर होऊ नये, एवढेच माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

रोजच्या कामांतले बदल त्यांनी माझ्या घराचे आणि प्रवासाचे तपशील विचारून सुचवले, छापील यादी हातात ठेवली नाही. स्वयंपाकघरात उकळत्या पातेल्याला हात घालायचा नाही. चहा पळीने कपात घालायचा, आमटी ओट्यावरच वाढून घ्यायची, कुकर गार झाल्याशिवाय हलवायचा नाही आणि तांदूळ-डाळीचे भांडे कुकर शेगडीवर ठेवल्यानंतर त्यात सोडायचे. सांडशीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण तिला सतत पकड लागते आणि माझी पकडच आधी जाते. विळीवर बसायचे नाही. ओट्यावर ओले फडके पसरून त्यावर लाकडी पाट ठेवला की तो सरकत नाही आणि सुरीने चिरता येते. हे शेवटचे सासूबाईंच्या गळी उतरवायला वेळ लागला, परंतु आता त्याही कोबी तसाच चिरतात. हात बधिर असताना गरम पिशवी किंवा गरम तेलाचा शेक घ्यायचा नाही, कारण चटका बसल्याचे कळत नाही.

लोकल प्रवासाबद्दलचे त्यांचे मार्गदर्शन मुंबईत राहणाऱ्या माणसानेच द्यावे असे होते. मी मध्य रेल्वेने मुलुंडहून येते. दारात उभे राहायचे नाही, हे तर उघडच आहे. पण आत गेल्यावर डाव्या हाताने खांब धरता येईल अशा बाजूला उभे राहायचे, वरच्या कडीला लोंबकळायचे नाही, कारण हात खांद्याच्या वर राहिला की माझा प्रसंग येण्याची शक्यता वाढते, हे वहीतून दिसले होते. खांद्यावरची पर्स गेली आणि दोन्ही पट्ट्यांची पाठपिशवी आली. गर्दीत ती पुढे घ्यायची. पुलाचा जिना उतरताना कठडा डाव्या बाजूला येईल असे चालायचे, मग तेवढ्यासाठी प्रवाह थोडा अडला तरी चालेल. सुटलेली गाडी पकडायची नाही. दुचाकी चालवणे तर न्यूरोलॉजिस्टनी हिरवा कंदील देईपर्यंत पूर्ण बंद आहे आणि या बाबतीत केंद्रात कोणतीही तडजोड केली जात नाही. घराजवळच्या बाजारात जायला मला त्याचा त्रास होतो, तरीही त्यांचे बरोबर आहे.

त्यांनी तयार करून दिलेले छोटे कार्ड मी ओळखपत्राच्या मागे ठेवते. त्यावर मराठीत लिहिले आहे की या व्यक्तीचा उजवा हात अधूनमधून दुबळा होतो. अशा वेळी तिला बसवा, हात उशीवर किंवा मांडीवर टेकवा, ओढू नका, वेळ लिहून ठेवा. त्याखाली ठळक अक्षरांत आहे की चेहरा वाकडा झाला, बोलणे अडखळले, डावा हात किंवा कोणताही पाय दुबळा पडला, दिसणे बिघडले, तीव्र डोकेदुखी झाली, शुद्ध हरपली, किंवा हा प्रसंग नेहमीपेक्षा वेगळा वाटला तर वाट न पाहता 108 ला कळवा. मजकूर न्यूरोलॉजिस्टना दाखवून मगच अंतिम केला गेला. जुन्या ओळखीच्या लक्षणाला सरावलेला माणूस एखाद्या दिवशी खऱ्या पक्षाघातालाही ‘नेहमीचेच आहे’ म्हणून झोपून राहील, ही भीती मला सतत असे. या कार्डामुळे तो निर्णय माझ्या एकटीच्या डोक्यावर राहिलेला नाही. महाविद्यालयातील दोन सहकाऱ्यांना आणि आमच्या शिपाई काकांना मी ते वाचून दाखवले आहे. थेरपिस्टनी प्राचार्यांना दिलेल्या पत्रामुळे फळ्याऐवजी प्रोजेक्टर वापरण्याची आणि उत्तरपत्रिका सलग न तपासता टप्प्याटप्प्याने तपासण्याची मुभाही मिळाली.

आता उणिवा. ज्या जागेत हातापायाने अडलेले लोक येतात, ती दुसऱ्या मजल्यावर असावी आणि इमारतीला लिफ्ट नसावी, हे मला अक्षम्य वाटते. भाड्याचे गणित मला समजते. पण पक्षाघातातून उठलेल्या एका आजोबांना त्यांच्या मुलाने खुर्चीत बसवून वर आणताना मी पाहिले आहे आणि त्यावर कोणतेही स्पष्टीकरण पुरे पडत नाही. संध्याकाळी सहानंतरच्या वेळा फार थोड्या आहेत, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला अर्धी रजा टाकावी लागते. मानसोपचाराची जोड उपयोगी पडते असे ते स्वतःच सांगतात, परंतु मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकच दिवस येतात आणि त्यांची वेळ मिळायला महिना जातो. पहिल्या दिवशीची प्रश्नावली फक्त इंग्रजीत आहे. माझ्यापुढे बसलेल्या एका काकूंना ती भरून देण्यासाठी स्वागतकक्षातील मुलीला दुसरे काम सोडावे लागले. आणि मधल्या काळात माझी थेरपिस्ट बदलली तेव्हा नव्या बाईंनी वही न वाचताच सुरुवातीपासून प्रश्न विचारले. मी तसे सांगितल्यावर पुढच्या भेटीत त्यांनी सारे वाचून ठेवले होते, हेही नमूद करते.

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या तपासणीचे दीड हजार रुपये आणि नंतरच्या प्रत्येक सत्राचे आठशे रुपये घेतले जातात. आरोग्य विम्याच्या बहुतेक योजना रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या अशा उपचारांचा खर्च देत नाहीत, त्यामुळे हे पैसे खिशातूनच जातात. सत्रांची संख्या वाढवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. घरी करायचे काम नीट होत आहे असे दिसताच भेटींमधले अंतर त्यांनी स्वतःहून वाढवले. तरीही मध्यमवर्गीय घराला हा खर्च जाणवतो आणि त्याखालच्या उत्पन्नाच्या घरांना तो झेपणारा नाही.

ज्यांना झेपणार नाही त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही, कारण या विद्येची भारतातली सुरुवातच मुंबईच्या महापालिका रुग्णालयातून झाली. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. आज केईएमप्रमाणेच शीव आणि नायर येथेही हा विभाग आहे. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची 1955 पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. तेथे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि आधारपट्टे तयार करणारा विभाग एकाच आवारात आहेत. सार्वजनिक रुग्णालयात गर्दी असते आणि वेळ कमी मिळतो, म्हणून तयारी करून जावे: प्रसंगांची वही, मोबाईलवरील चित्रण, चालू औषधांची यादी आणि सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. ‘हात कधी कधी गळतो’ असे सांगण्याऐवजी ‘तांब्या धरता येत नाही, खडू निसटतो, पण पाठ खाजवताना तोच हात वर जातो’ असे सांगावे. अशा तपशिलावरूनच समोरच्याला दिशा मिळते.

दादरच्या या केंद्राकडे मी त्यांनाच पाठवीन ज्यांच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत, ज्यांना जिना चढता येतो आणि ज्यांना ‘काही निघाले नाही’ या वाक्यानंतर पुढची वाट कोणी दाखवलेली नाही. नेमके कारण शोधून मिळेल या आशेने जाणाऱ्याची निराशा होईल. ते काम न्यूरोलॉजिस्टचे आहे आणि केंद्रही तसेच सांगते. पहिल्या भेटीला घरातल्या कोणाला तरी सोबत न्यावे. माझे यजमान आले होते, आणि प्रसंगाच्या वेळी माझा दंड धरून ओढायचा नाही, हे त्यांना माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तेथे प्रत्यक्ष करून दाखवल्यावर पटले. वेळ दूरध्वनीवरूनच घ्यावी लागते; सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन लगेच उचलला जातो.